घरच्या स्विमिंग पूलला केवढा हीटर लागतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोणावळा, कर्जत, मुळशी, नाशिक, पाचगणी या भागांत बंगल्याशेजारी पूल बांधणाऱ्यांची एक अडचण कायमची आहे. एकाच पूलसाठी दोन कोटेशनं येतात, एकात ११ किलोवॅटचा हीटर असतो आणि दुसऱ्यात २१ चा. खरा कुठला? बहुतेक वेळा दोघांनीही हिशेब दाखवलेला नसतो. तो कसा मांडायचा हे इथे सांगितलं आहे. सगळीकडे एकच नमुना पूल घेतला आहे: २५ फूट लांब, १२ फूट रुंद, सरासरी ४ फूट खोल, वर उघडं आकाश. तुमची मापं त्याजागी घालून आकडे काढता येतील.

१. आमच्याकडे थंडी फारशी नसते. हीटर लागतोच का?

अलिबाग, रत्नागिरी किंवा गोव्यात घर असेल तर आधी एक हिवाळा थर्मामीटर टाकून पाहा. किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीतही पूलचं पाणी फार गार पडत नाही, आणि रात्री कव्हर टाकलं तर पुष्कळांचं भागतं. घाटमाथ्यावर आणि पठारावर गोष्ट वेगळी. पुण्यात हिवाळ्यात रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, निफाडचा गारठा तर दरवर्षी बातम्यांत असतो, आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही पहाटे दवबिंदू गोठतात. अशा ठिकाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूल वापरायचा असेल तर हीटर हवाच.

२. पाणी किती गरम असावं?

पोहण्याच्या स्पर्धांसाठी २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवतात, कारण पोहणारा स्वतःच्या हालचालीनं तापतो. घरी लोक पोहण्यापेक्षा पाण्यात उभे राहून गप्पा जास्त मारतात, त्यांना २८ ते ३० बरं वाटतं. लहान मुलं आणि आजी-आजोबांसाठी ३० ते ३२. हा आकडा घरच्यांनी मिळून आधी ठरवा. हवा २० अंशांवर असताना पाणी २८ ऐवजी ३० ला ठेवलं, तर हवा-पाण्यातला फरक ८ वरून १० होतो, आणि रोजची गळती जवळजवळ पाव हिश्श्यानं वाढते.

३. माझा पूल किती लिटरचा, आणि तो एक अंश तापवायला किती उष्णता लागते?

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं फुटांत. उत्तर घनफुटांत येईल, त्याला २८.३ नं गुणलं की लिटर. नमुना पूल १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४,००० लिटर.

एक हजार लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला १.१६ युनिट उष्णता लागते. युनिट म्हणजे वीजबिलावरचंच युनिट, एक किलोवॅट-तास. म्हणजे नमुना पूल एका अंशाला ४० युनिट घेतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा पुन्हा लागणार आहे. ही पाण्यात जाणारी उष्णता आहे. मीटरवर किती युनिट पडतील ते हीटरच्या जातीवर अवलंबून असतं (प्रश्न ८ पाहा).

४. विक्रेत्यानं फक्त लिटर विचारले आणि मॉडेल सांगितलं. एवढं पुरतं का?

पुरत नाही, आणि बहुतेक चुकीच्या खरेद्या इथेच होतात. लिटरवरून फक्त पाणी एकदा वर चढवायला किती उष्णता लागेल ते कळतं. ते वर टिकवायला किती लागेल हे पाण्याच्या पृष्ठभागावरून ठरतं, कारण उष्णता प्रामुख्यानं तिथूनच निघून जाते. जमिनीत आणि भिंतींत जाणारा वाटा लहान असतो.

त्यातही सर्वात मोठा चोर बाष्पीभवन. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं पूलही गार होतो: उडून जाणारं पाणी उरलेल्याची उष्णता सोबत नेतं. एक लिटर पाणी उडताना जवळपास ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. नमुना पूलचा पृष्ठभाग ३०० चौरस फूट, म्हणजे २८ चौरस मीटर. पातळी फक्त ५ मिलिमीटरनं उतरली तरी १४० लिटर पाणी गेलं, आणि सोबत ९४ युनिट. एका अंशाला ४० युनिट हा वरचा आकडा लावा: पाणी दोन अंशांहून अधिक गार. एवढी पातळी उतरलेली डोळ्यांना कळतही नाही, आणि मालकाला वाटतं हीटर बिघडला.

म्हणून विक्रेत्यानं निदान या पाच गोष्टी विचारायला हव्यात: पृष्ठभाग किती, थंडीत पहाटे हवा किती उतरते, वारा कसा आहे, कव्हर टाकणार का, आणि पाणी तापायला किती तास थांबायची तयारी आहे. हे न विचारता मॉडेल सांगणाऱ्याला तुम्हीच हे सांगा आणि हिशेब कागदावर मागा.

५. कव्हर खरंच लागतं? रोज काढा-घाला कोण करणार?

लागतं. हीटरचे पैसे देण्याआधी कव्हरचे द्या, असंच मी प्रत्येकाला सांगतो. बुडबुड्यांचं प्लास्टिकचं साधं कव्हरसुद्धा बाष्पीभवन जवळजवळ थांबवतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या म्हणण्यानुसार कव्हरमुळे पूल तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्के वाचतो. कडाक्याच्या रात्री उघड्या पूलचं पाणी सहज तीन अंश उतरतं. कव्हर असेल तर एक-दीड.

काढा-घालीसाठी रूळ मिळतो, दोन माणसांचं काही मिनिटांचं काम. बंगल्यावर माळी किंवा केअरटेकर असेल तर संध्याकाळी कव्हर टाकणं त्याच्या कामात धरून घ्या. मात्र हे कव्हर सुरक्षेचं नाही. त्यावर पाय पडला तर मूल थेट पाण्यात जातं आणि वरून दिसतही नाही. कुंपण किंवा फाटक वेगळंच हवं, आणि मुलं पाण्यात उतरण्यापूर्वी कव्हर पूर्ण काढलेलं हवं.

६. ठीक आहे, आता सरळ सांगा: माझ्या पूलला किती किलोवॅट?

नमुना पूल लोणावळ्याला आहे असं धरू. जानेवारीत पाणी २१ अंशांवर, हवं २९, आणि ते दोन दिवसांत हवं.

आधी चढाई: ८ अंश गुणिले ४० युनिट, म्हणजे ३२० युनिट.

मग गळती. मधल्या दोन रात्रींत कव्हर असताना दीड-दीड अंश, एकूण ३ अंश, म्हणजे १२० युनिट. दिवसाची गळती बरीचशी ऊन भरून काढतं, म्हणून ती सोडून दिली. पूलवर झाडांची किंवा बंगल्याची दाट सावली असेल तर सोडू नका.

एकूण ४४० युनिट. फिल्टरचा पंप दिवसाला २० तास चालवला तर दोन दिवसांचे ४० तास. ४४० भागिले ४०: ११ किलोवॅट.

कव्हर नसेल तर गळती दुप्पट, २४० युनिट. एकूण ५६०, आणि हीटर १४ किलोवॅट. हाच पूल एका दिवसात तापवायचा म्हटलं तर कव्हर असूनही चढाईचे ३२० आणि एका रात्रीचे ६० मिळून ३८० युनिट २० तासांत बसवावे लागतात: १९ किलोवॅट. एकच पूल, तीन वेगळी उत्तरं, आणि तिन्ही बरोबर. दोन विक्रेत्यांचे आकडे जुळत नाहीत त्याचं कारण बहुधा हेच असतं. त्यांनी मनात वेगवेगळ्या गोष्टी धरलेल्या असतात.

हे ११ किलोवॅट थंड हवेत मिळायला हवेत. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय खरेदी करू नका.

७. एका कोटेशनवर बीटीयू, दुसऱ्यावर एचपी, तिसऱ्यावर किलोवॅट. तुलना कशी करू?

सगळं किलोवॅटमध्ये आणा. १ किलोवॅट म्हणजे तासाला ३,४१२ बीटीयू, किंवा ८६० किलोकॅलरी. एसीवाल्यांच्या भाषेत १ टन म्हणजे ३.५ किलोवॅट. ‘५ एचपी’ असं म्हटलं असेल तर तो बहुधा कॉम्प्रेसरचा आकार असतो, पाण्यात जाणारी उष्णता नव्हे. तिथे थांबून विचारा: पाण्याला किती किलोवॅट मिळतात?

दुसरी मेख जास्त महागात पडते. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, त्यामुळे हवा गार असेल तर त्याची ताकद घटते. माहितीपत्रकावर ठळक छापलेला आकडा सहसा हवा २६ अंश, पाणी २६ अंश, आर्द्रता ८० टक्के अशा अनुकूल स्थितीतला असतो. खाली बारीक अक्षरांत दुसरी ओळ असते: हवा १५ अंश, पाणी २६ अंश, आर्द्रता ७० टक्के. घाटमाथ्याच्या हिवाळ्यासाठी ही दुसरी ओळ धरा. पहिल्या ओळीत १६ किलोवॅट असलेलं यंत्र दुसऱ्या ओळीत ११ च्या आसपास येऊ शकतं. म्हणजे प्रश्न ६ मधल्या कव्हरवाल्या पूलला ‘१६ किलोवॅट’ नावाचं यंत्र लागेल. दुसरी ओळच दिलेली नसेल, तर विक्रेत्याकडून ती लेखी मागा.

८. हीट पंप, गॅस की विजेचा साधा हीटर?

रोज किंवा दर शनिवार-रविवार वापर असेल तर हीट पंप. मीटरवर एक युनिट पडलं की तो पाण्याला चार-पाच युनिट उष्णता देतो. या पटीला सीओपी म्हणतात. प्रश्न ६ मधल्या ४४० युनिटांसाठी साडेचारच्या पटीनं मीटरवर शंभरेक युनिट पडतात. विजेचा साधा हीटर एकास एक देतो, म्हणजे पूर्ण ४४०. युनिटला १० रुपये धरले तर कुठे १,००० रुपये आणि कुठे ४,४००. साधा हीटर जकूझी किंवा अगदी छोट्या बाळ-पूलपुरता ठीक.

गॅसचा मोठा गुण म्हणजे वेग, आणि त्याला थंडीची पर्वा नसते. पण ४४० युनिटांसाठी सुमारे ४० किलो एलपीजी जळतो, म्हणजे १९ किलोचे दोन व्यावसायिक सिलिंडर. वर एका सिलिंडरमधून मोठ्या हीटरला पुरेल एवढ्या वेगानं वायू निघतही नाही. तो बाहेरून बर्फासारखा गार पडतो आणि ज्योत मंदावते. त्यामुळे सिलिंडरांची जोडणी करावी लागते. गॅस हीटर निवडताना जळणारी उष्णता आणि पाण्याला मिळणारी उष्णता वेगळी असते हे ध्यानात ठेवा. साधारण ८० ते ८५ टक्केच पाण्यात जाते. उंचीवर हवा विरळ असल्यानं ताकद आणखी घटते, दर ३०० मीटरला सुमारे ४ टक्के या हिशेबानं. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे, तेव्हा तिथे ही घट नगण्य नाही. आणि गॅस हीटर बंद खोलीत कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

९. सोलरवर होईल का? किती पॅनल लागतील?

आपल्याकडे हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं, त्यामुळे सोलरला चांगला वाव आहे. पूलसाठी गच्चीवरच्या आंघोळीच्या पाण्यासारख्या काचेच्या नळ्या लागत नाहीत. काळ्या प्लास्टिकच्या किंवा रबराच्या उघड्या चटया पुरतात आणि स्वस्त पडतात. पूलच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून पूर्ण क्षेत्रफळाएवढ्या चटया लावतात. नमुना पूलला २० चौरस मीटर लावल्या तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ५० युनिट मिळतील, म्हणजे सव्वा अंश. पाहुणे परवा येणार म्हणून सोलर घाई करू शकत नाही, पण रात्री कव्हर टाकणाऱ्या घरात तो आठवडाभर हळूहळू पाणी वर ठेवतो. वाऱ्याच्या गच्चीवर चटयांची उष्णता वाराच नेतो, हे मात्र पाहून घ्या. सोलर आणि छोटा हीट पंप ही जोडी मला सर्वात समजूतदार वाटते.

१०. आम्ही फक्त शनिवार-रविवारी येतो. आठवडाभर चालू ठेवू की दरवेळी नव्यानं तापवू?

वीज वाचवायची तर बंद ठेवा. पाणी जितकं गरम, तितकी गळती जास्त. पाच दिवस गरम ठेवलेलं पाणी पाच दिवस उष्णता गमावतं. ‘चालू ठेवलेलंच स्वस्त पडतं’ हा समज खरा नाही. मात्र मग यंत्र गुरुवारी सकाळी सुरू व्हायला हवं, आणि प्रश्न ६ प्रमाणे दोन दिवसांत चढाई करेल एवढं मोठं हवं.

पठारावरच्या लोकांनी एक फायदा घ्यावा. पुण्या-नाशिककडे हिवाळ्यात पहाट १० अंशांची असली तरी दुपार २८-३० ची असते. हीट पंप त्या वेळात माहितीपत्रकाच्या पहिल्या ओळीएवढा चालतो. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हे तास कधीच वाया घालवू नका. रात्रीचे तास कमी पडलं तरच वापरा.

११. सिंगल फेजवर चालेल का?

प्रश्न ६ मधलं यंत्र चालताना अडीच-तीन किलोवॅट वीज घेतं, आणि तेवढ्याची सिंगल फेज यंत्रं मिळतात. त्याहून मोठी बहुधा थ्री फेज. पण यंत्रासोबत फिल्टरचा पंप, बोअरची मोटर, गीझर आणि एसीही चालू असणार. सगळ्यांची बेरीज करून महावितरणकडचा मंजूर भार पुरतो का ते आधी बघा. बंगला भाड्यानं देत असाल तर वीजदराचा वर्गही वेगळा लागू होऊ शकतो, बिलाचा अंदाज त्यानुसार बांधा. पाण्याशेजारी वीज असल्यानं स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच यांत तडजोड नको.

१२. थोडा मोठाच घेतला तर काही बिघडतं का?

एक माप मोठं घेतलं तर नाही. इन्व्हर्टरचा हीट पंप असेल तर मोठं यंत्र मंद गतीवर जास्त किफायतशीर चालतं. साधा असेल तर अति मोठं यंत्र सारखं चालू-बंद होतं, आणि कॉम्प्रेसरला ते मानवत नाही. शिवाय मोठ्या यंत्राला पाण्याचा प्रवाहही जास्त लागतो. तुमचा फिल्टरचा पंप तेवढा देतो का हे विचारा. लहान घेण्याची चूक जास्त त्रासदायक आहे: कडाक्याच्या थंडीत यंत्र चोवीस तास धावतं आणि पाणी २५ च्या वर जात नाही.

१३. पूल चारऐवजी पाच फूट खोल केला तर हीटर मोठा लागेल?

पृष्ठभाग तोच, त्यामुळे रोज जाणारी उष्णताही तीच. फक्त चढाई वाढते, एका अंशाला ४० ऐवजी ५० युनिट. त्याच हीटरला वेळ जास्त लागेल, पण एकदा तापलेलं पाणी गारही सावकाश होईल. रोज वापरणाऱ्यांना यंत्र तेच चालतं. शनिवार-रविवारवाल्यांनी प्रश्न ६ चा हिशेब नव्या आकड्यानं करावा.

१४. आमचा पूल दरीच्या कडेला, काठावरून पाणी सांडणारा आहे. हाच हिशेब चालेल?

नाही. काठावरून खाली उतरणारा पाण्याचा पातळ पडदा म्हणजे आणखी एक पृष्ठभाग, आणि तोही नेमका दरीतून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर. ओली भिंत आणि खालची टाकी, दोन्हींचं क्षेत्रफळ पूलच्या क्षेत्रफळात मिळवा, आणि वारा जोराचा असेल तर वर एक माप चढा. सर्वात चांगला उपाय फुकट आहे: कुणी पाण्यात नसताना सांडणारा प्रवाह बंद ठेवा आणि गरम पाणी मुख्य पूलमध्येच फिरवा. प्लंबरला तशी वेगळी व्हॉल्व्ह पूल बांधतानाच बसवायला सांगा, नंतर फोडाफोड होते. कारंजे आणि धबधब्यांनाही हेच लागू.

१५. पावसाळ्यात हीटरवर जास्त ताण येतो का?

वाटतो तेवढा नाही. पावसात हवा दमट असते, त्यामुळे बाष्पीभवन मंदावतं आणि हीट पंपही जोमात चालतो. ४० मिलिमीटर पाऊस पडला तरी नमुना पूलमध्ये १,१०० लिटर पाणी येतं. २९ अंशांच्या पाण्यात ते मिसळून फरक पाव अंशाचा. लोणावळ्यासारखा दिवसात २०० मिलिमीटर बरसला तर मात्र एक अंशाहून जास्त उतरेल, कारण तेवढंच गरम पाणी बाहेर वाहून जातं. अशा दिवशी कव्हर टाका आणि हीटर बंद ठेवा.

१६. पूलला जोडून जकूझी आहे. एकाच हीटरवर दोन्ही?

चालतं. २,००० लिटरची जकूझी २९ वरून ३८ अंशांवर न्यायला २१ युनिट, म्हणजे ११ किलोवॅटच्या यंत्राला दोन तास. तेवढं थांबायचं नसेल तर जकूझीला वेगळा छोटा हीटर द्या. यंत्र ३८ ते ४० अंशांपर्यंत जातं का ते तपासा, सगळी जात नाहीत. ४० च्या वर पाणी कुणासाठीच नको. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यात बसू नये.

१७. पाणी बोअरचं आहे आणि मिठावर चालणारं क्लोरीन यंत्र आहे. हीटर टिकेल?

आतली नळी टायटॅनियमची असेल तर मीठ आणि क्लोरीन तिला काही करत नाहीत. तांब्याची नळी असलेला हीटर मिठाच्या पूलला घेऊ नका. बोअरचं पाणी जड असतं, क्षार नळीवर बसतात आणि यंत्र तेच असूनही उष्णता कमी मिळते. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा. हीटर नेहमी फिल्टरनंतर आणि क्लोरीन यंत्राच्या आधी जोडलेला असावा.

१८. हिशेबानं घेतला, तरी पाणी तापत नाही. काय बघू?

आधी फिल्टर. बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं, झालेला नसेल तर प्रवाह घटतो आणि यंत्र आपोआप थांबतं. मग फिल्टरच्या पंपाचा टायमर: हीटर २० तासांवर लावलाय पण पंप सहा तासच चालतोय, असं फार ठिकाणी दिसतं. मग यंत्राची जागा. शोभेसाठी जाळीच्या कपाटात किंवा भिंतीच्या कोपऱ्यात बसवलेला हीट पंप स्वतःचीच सोडलेली गार हवा पुन्हा ओढतो. समोर आणि मागे मोकळी जागा द्या. पहाटे यंत्रावर बर्फ धरून ते अधूनमधून थांबत असेल तर तो बिघाड नाही, बर्फ वितळवण्याची त्याची रीत आहे.

१९. आम्ही न्यू जर्सीत राहतो. तिथे गॅलन आणि फॅरनहाइटमध्ये कसं मोजायचं?

गॅलन गुणिले ८.३४ गुणिले वाढवायचे अंश फॅरनहाइट, म्हणजे लागणारे बीटीयू. १५,००० गॅलनला १० अंशांसाठी साडेबारा लाख बीटीयू. तिथे घरोघर नळाचा गॅस असल्यानं चार लाख बीटीयूचे हीटर सर्रास बसवतात. ८२ टक्के पाण्यात गेले तर पावणेचार तासांत काम होतं. तिथल्या ऊर्जा विभागाचं सूत्र पृष्ठभागावर आहे: चौरस फूट गुणिले हवा-पाण्यातला फरक गुणिले १२, म्हणजे तासाला लागणारे बीटीयू. १६ बाय ३२ फुटांच्या पूलला २० अंशांच्या फरकासाठी सुमारे १,२३,००० येतात. फरक काढताना ज्या महिन्यात पूल वापरणार त्यातल्या सर्वात थंड महिन्याचं सरासरी हवामान धरा.

२०. नागपूरला मे महिन्यात पाणीच तापतं. तोच हीट पंप थंड करेल?

उलट चालणारा, म्हणजे गरम-थंड दोन्ही करणारा प्रकार घेतला असेल तर करेल. साधा करणार नाही, आणि नंतर बदलता येत नाही. विदर्भात घेताना हे आधीच ठरवा. यंत्राआधी फुकटचा उपाय करून पाहा: उन्हाळ्यात तिथली हवा कोरडी असते, त्यामुळे कव्हर काढून ठेवा आणि रात्रभर कारंजं चालवा. हिवाळ्यात जे बाष्पीभवन अडवायचं, तेच इथे कामाला येतं. पाण्याची पातळी मात्र रोज सकाळी भरून घ्यावी लागेल, नाहीतर पंप हवा ओढू लागतो.